माफीचे सात मजले

बटणराव चौतीस वर्षं एकाच लिफ्टमध्ये होता. वर आणि खाली, खाली आणि वर. या चौतीस वर्षांत आपण एकूण किती उंच गेलो हे त्याने एकदा फुरसतीत काढलं होतं, आणि उत्तर असं काही दांडगं आलं की पुढचे चार दिवस लिफ्टमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला त्याने ते ऐकवलं. डोंगर चढणारी माणसं आपल्यापुढे किस झाडकी पत्ती, असा एकूण सूर. ही सगळी चढाई आपण स्टुलावर बसून केली, एवढी बारीकशी गोष्ट तेवढी सांगायची राहून जायची.

त्याची बायको त्याच इमारतीचा जिना पुसायची. आठव्या मजल्यापासून सुरुवात करून तळमजल्यापर्यंत, बादली आणि फडकं घेऊन, बावीस वर्षं. जिन्याखालच्या दोन खोल्यांत दोघं राहत. एक दिवसभर जिना चढणारं माणूस आणि एक दिवसभर बसणारं माणूस. संध्याकाळी "आज फार थकलो गं" असं म्हणून पाय पसरायचे, ते बसणाऱ्याने.

मग एक दिवस जुनी लिफ्ट काढायचं ठरलं. नवी बसायला तीन महिने लागणार होते. कामगार आले, त्यांनी दारं काढली, दोर काढले, आणि बटणरावाचं स्टूल उचलून जिन्याशी ठेवलं. तिथे बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याला "लिफ्ट बंद आहे" असं सांगू लागला. लिफ्टच्या जागी मोठं भोक सगळ्यांना दिसतच होतं, पण आपला काही उपयोग आहे असं माणसाला वाटायला हवं ना.

दुसऱ्या दिवशी त्याने एक पाटी लिहिली. पाटी लिहिणं ही त्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती, कारण तो लिहायला शिकला एक्कावन्नाव्या वर्षी. शिकवलं ते सातव्या मजल्यावरच्या टेलरमास्तरांनी, तेही लिफ्टमध्येच. तळापासून सातव्यापर्यंत जायला चाळीस सेकंद लागत. मास्तर खिशातून शिंप्याचा खडू काढून कापडाच्या तुकड्यावर एक अक्षर काढत. वर पोचेपर्यंत बटणरावाने ते गिरवायचं. एका फेरीला एक अक्षर. 'ज्ञ' ला मात्र अकरा फेऱ्या लागल्या.

आता मास्तरांचे डोळे अधू झाले होते, आणि शिलाई मशीनचं पायडल मारून मारून गुडघे कामातून गेले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी दुसऱ्या गावी. रोज दुपारी चार वाजता बटणराव त्यांना लिफ्टने खाली आणायचा, फाटकाशेजारच्या बाकावर बसवायचा आणि पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. वाचताना तो अडखळला की मास्तर डोळे मिटूनच चूक सुधारत. एकूण दोघांचं बरं चाललं होतं.

तर पाटी. जिना उंच, इमारतीत म्हातारी माणसं, कुणाला काही व्हायला नको म्हणून बटणरावाने ठळक अक्षरांत लिहिलं:

'लिफ्टचे काम चालू आहे. दम असलेल्यांनी जिना चढू नये.'

त्याला लिहायचं होतं 'दमा'. काना राहिला.

सकाळपासून लोक पाटीपुढे थांबून हसत होते. कुणी "आमच्यात दम नाही, आम्ही चढतो बाबा" म्हणून पुढे जाई, तर कुणी छाती पुढे काढून "मग मी घरी कसा जाऊ?" विचारी. बटणरावाला काही कळेना. शेवटी कुणीतरी ही गंमत सातव्या मजल्यावर नेली. मास्तर कठड्याला धरून जिन्यात आले आणि त्यांचं हसणं सात मजले उतरून खाली आलं.

"अरे बटण्या! काना कुठे गेला? तोही लिफ्टबरोबर काढून नेला काय?"

प्रत्येक मजल्यावर दारं उघडली आणि प्रत्येक दारातून हसू आलं. बटणरावाचे कान तापले. एरवी त्याने हसण्यावारी नेलं असतं. पण ज्याने अक्षर शिकवलं त्यानेच चारचौघांत हसावं, हे त्याला झोंबलं. मान वर करून तो ओरडला, "वरून दात काढायला काय जातंय? पाय आहेत का खाली यायला? या ना खाली, आणि द्या काना!"

सगळा जिना गप्प झाला. मग सातव्या मजल्यावर चपलांचा फरफटत जाण्याचा आवाज आला आणि एक दार लागलं.

आपण काय बोललो हे बटणरावाला शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आधीच कळलं होतं. पण जिभेला ब्रेक नसतो. त्याने पाटी काढली, फाडली आणि नाक फुगवून स्टुलावर बसला. मास्तरांनी आधी बोलावं, असं त्याने ठरवून टाकलं. आठ दिवस झाले, मास्तर बोलले नाहीत. गुडघ्यांनी खाली येता येईना आणि बटणरावाला वर जाववेना. म्हणजे मानापमानाने जाववेना असं तो म्हणायचा; सात मजले पायी चढायच्या कल्पनेनेच त्याला घाम फुटायचा हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

नवव्या दिवशी बायको जिना पुसून आली आणि बादली ठेवता ठेवता म्हणाली, "मास्तर चाललेत."

"कुठे?"

"मुलीकडे. कायमचे. पुढच्या रविवारी ती गाडी घेऊन येणार आहे. खुर्चीत बसवून खाली आणतील म्हणे. मला म्हणाले, इथे आता कोण आहे वाचून दाखवायला."

बटणरावाने पायातली चप्पल काढली आणि पुन्हा घातली.

"मी सांगू का वर जाऊन? यांचं चुकलं म्हणून?"

"नको."

"मग तुम्ही जाणार?"

"जाणार म्हणजे? आत्ता जातो!"

आणि तो उठला. पहिला मजला त्याने दोन-दोन पायऱ्या घेत पार केला आणि वाटलं, हात्तिच्या, एवढंच होय! दुसऱ्या मजल्यावर छातीत कुणीतरी आतून दार वाजवायला लागलं. पुढच्या वळणावर तोंड कोरडं पडलं, कानात इंजिन सुरू झालं, मांड्या पेटल्या. तिसऱ्या मजल्याच्या अलीकडे तो पायरीवर बसला तो बसलाच. आपली वेळ भरली अशी त्याची पक्की खात्री झाली. शेवटचे शब्द काय बोलावेत याचा विचार त्याने सुरू केला, पण बोलायला हवा कुठे होती?

तिसऱ्या मजल्यावर व्यायामाचे उपचार करणाऱ्या ताईंचा दवाखाना होता. धापांचा आवाज ऐकून त्या बाहेर आल्या. शेजारी बसून त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि घड्याळात पाहिलं.

"एकशे अठ्ठेचाळीस."

"दि... वस?" बटणरावाने विचारलं.

"ठोके, काका! मिनिटाचे. छातीत दुखतंय का? हातात, जबड्यात? चक्कर?"

त्याने मान हलवून नाही म्हटलं. ताई मनगट धरून बसून राहिल्या. तीन-चार मिनिटांनी म्हणाल्या, "एकशे आठ. उतरतायत. छान."

"थांबलो तरी धापा का?"

"पाय पळाले तुमचे एकदम. त्यांना प्राणवायू हवा तो आत्ताच्या आत्ता. पण हृदय आणि फुप्फुसं पूर्ण जोरात यायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ तुम्ही दिलाच नाहीत. जे काम मागे पडलं ते शरीर आता बसून उरकतंय."

"आणि हे जेवण वर येतंय ते?"

"जेवून चढलात? पोटाचं रक्त पायांकडे वळवलंय, मग पोट कुरकुरणारच. तोंड लाल झालंय, कारण आतली उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीजवळ आलंय. घामही त्यासाठीच."

बटणरावाने छातीवर हात ठेवला. "म्हणजे आत एक लिफ्टमन बसलाय," तो म्हणाला. "कुणाला आधी न्यायचं, कुणाला थांबवायचं, तो ठरवतोय. माझ्यापेक्षा बरा दिसतो."

"तुमच्यापेक्षा कामसू नक्कीच. पण एवढ्या घाईने कुठे निघाला होतात?"

त्याने सगळं सांगितलं. ताईंनी आधी त्याला डॉक्टरकडे धाडलं. तपासल्याशिवाय एकही पायरी चढायची नाही अशी तंबी दिली. डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, कागद काढला, रक्तदाब पाहिला आणि सांगितलं की हृदय चांगलं आहे, फक्त फारसं वापरलेलं नाही. बटणरावाला आधी हे कौतुकच वाटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की मग उलगडा झाला.

ताईंनी रीत घालून दिली. घाई करायची नाही. पहिल्या मजल्यावर मुद्दाम हळू. रोज थोडं वर, आणि अधूनमधून पूर्ण विसावा, कारण स्नायू तयार होतात ते चढताना नाही, विसाव्याला.

"आणि चढताना बोलत राहायचं. पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर. वाक्य तुटलं की हळू व्हायचं."

"आणि गाणं म्हणता आलं तर?"

"तर तुम्ही चढत नाही आहात, काका, उभे आहात."

"पण बोलू कुणाशी?"

"मास्तरांना जे सांगायचंय तेच म्हणा."

झालं. बटणरावाने एक वाक्य बसवलं: 'मास्तर, माझी जीभ घसरली, तुमच्या गुडघ्यांवरून बोललो ते चुकलं, मला माफ करा.' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हेच पुटपुटत तो जिन्याला लागला. पुटपुटत म्हणायचं ते आपलं एक. चौतीस वर्षं लिफ्टच्या खडखडाटात बोलून त्याचा आवाज असा झाला होता की तो कुजबुजला तरी फाटकावरच्याला कळे.

पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच वाक्य 'जीभ घसरली'वर घसरलं. दुसऱ्या दिवशी विसावा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंथरुणावरून उठायला गेला आणि किंचाळला. मांड्या, पोटऱ्या, सगळं लाकूड झालं होतं. खाली बसवेना, बसल्यावर उठवेना. मोरीपर्यंत तो भिंत धरून गेला.

"चढलात परवा, आणि दुखतंय आज?" बायको म्हणाली. "तुमच्या पायांनाही निरोप उशिराच पोचतो."

ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, बिनसवयीच्या स्नायूंना बारीक इजा होते, दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतं, चढण्यापेक्षा उतरण्याने जास्त. भरून आलं की स्नायू आधीपेक्षा पक्का होतो. हे ऐकून बटणराव रेंगाळत, एकेक पायरी आडव्या पावलाने खाली आला, आणि खाली येण्यासाठी तरी लिफ्ट हवी होती असं त्याला मनापासून वाटलं.

हळूहळू जिन्याला त्याची सवय झाली, त्याला जिन्याची नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत वाक्य शाबूत राही. चौथ्यावर 'गुडघ्यांवरून' या शब्दाने दगा दिला. जोडाक्षराला हवा जास्त लागते असा त्याने शोध लावला. लोकांना त्याचं वाक्य पाठ झालं. चौथ्या मजल्यावरची एक आजी दार किलकिलं करून उभी राही आणि तो "ते... ते..." करत थांबला की आतून "चुकलं" असं पुरवी. "मला कळतंय आजी, फक्त हवा नाही," असं त्याला म्हणायचं असे, पण त्यालाही हवा लागलीच असती.

कधी वाटेत बायको भेटे. एका हातात बादली, दुसऱ्या हातात मास्तरांची भाजी, आणि तोंडाने भाजीवाल्याला शिव्या, एक वाक्य न तुटता.

"कुठपर्यंत आली माफी?"

"सा... डे... चार."

"बरं चाललंय. सरका, ओलं आहे."

एकदा आठ मजले पुसून ती खाली आली तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं आणि घड्याळ लावून मोजलं. ब्याण्णव. दहा मिनिटं बसल्यावर पुन्हा मोजलं. साठ.

"काय झालं? बिघडलंय का काही?" तिने घाबरून विचारलं.

"नाही गं. बिघडलेलं मशीन दुसरं आहे." त्या संध्याकाळी तो 'थकलो' म्हणाला नाही. शब्द अगदी ओठांवर आला होता, पण गिळला.

शुक्रवारी तो ताईंकडे गेला. "दहा दिवस झाले. माझं हृदय केवढं झालं असेल आता?"

"तेवढंच आहे, काका. हृदय बदलायला महिने लागतात. दहा दिवसांत चाल बदलते, आणि भीती कमी होते."

"पण चालेल?"

"हळू गेलात तर चालेल. छातीत काही वाटलं तर तिथेच बसायचं आणि मला हाक मारायची."

शनिवारी सकाळी, उपाशीपोटी, बटणराव निघाला. स्वतःचं वजन जेवढं कमी तेवढं बरं म्हणून त्याने खिशातल्या किल्ल्या, चष्म्याचं घर, तंबाखूची डबी, सगळं घरी ठेवलं. पहिले दोन मजले त्याने अशा संथपणे घेतले की मागून येणारा एक इसम 'सॉरी' म्हणून पुढे गेला. तिसऱ्यावर ताई दारात उभ्या होत्या. त्यांनी नुसता हात केला. चौथ्यावर आजीला काही पुरवावं लागलं नाही, त्याचा तिला जरा रागच आला. पाचव्यावर तो दोन मिनिटं उभा राहिला, मनगट धरून. सहाव्या मजल्यावर वाक्याचे तुकडे झाले. सातव्याच्या शेवटच्या वळणावर 'मास्तर'मधला 'मा' तेवढा उरला होता, आणि तोही तो आईला हाक मारतोय असा ऐकू येत होता.

मास्तरांचं दार उघडं होतं. दाराकडे तोंड करून खुर्चीत मास्तर बसले होते. शेजारी बांधलेली बॅग, गळ्यात सवयीने टाकलेला टेप.

बटणरावाने तोंड उघडलं. तेल नसलेल्या दारासारखा एक आवाज निघाला.

"बोलू नकोस," मास्तर म्हणाले. "इकडे ये. हात वर कर."

त्यांनी बसल्या बसल्या टेप त्याच्या छातीभोवती घातला आणि टोक डोळ्यांजवळ नेलं. श्वास आत, श्वास बाहेर. "एकोणचाळीस. सदतीस. एकोणचाळीस... एवढी फुगते होय तुझी छाती? आणि मी आजवर तुझे सदरे अडतीसचे शिवत आलो. बटणं तुटायची ती म्हणून."

"मास्तर... मा... झी..."

"जीभ घसरली, गुडघ्यांवरून बोललो ते चुकलं, मला माफ करा. पाठ आहे मला."

बटणरावाचा श्वास होता तोही अडला.

"अरे, हा जिना म्हणजे कर्णा आहे. खालचं कुजबुजणं वर येतं, तुझं तर बोलणं. दहा दिवस रोज सकाळी दार उघडून बसतोय. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर आपटलास. बुधवारी चौथ्यावर ती म्हातारी तुला सांगत होती. परवा पाचव्यापर्यंत सगळं नीट आलं, तेव्हा मी इथे टाळी वाजवली."

आता कुठे बटणरावाला चार शब्द जोडता आले. "मग वरून काही... बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू चौथ्यावरच थांबला असतास."

हे खरं होतं. तो चौथ्यावर थांबला असता, आजीकडे पाणी प्यायला असता आणि परत फिरला असता. बटणराव जमिनीवर बसला, भिंतीला टेकून.

मास्तर टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "मीही फार हसलो त्या दिवशी. शिकवणाऱ्याने असं हसू नये. अक्षर मोजत बसलो, आणि तू म्हाताऱ्यांच्या काळजीने लिहिलंस ते राहूनच गेलं माझ्या ध्यानातून."

"तुम्ही उद्या जाणार?"

"काय करू इथे? लिफ्ट येईपर्यंत या चार भिंती. मुलगी चांगली आहे. पण तिच्याकडे सगळे आपापल्या कामाला जातात. टीव्ही लावून देईल मला."

"मी येईन की वाचायला."

"रोज?"

बटणरावाला 'रोज' म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण खाली मांड्या थरथरत होत्या, पोटऱ्या आखडायला लागल्या होत्या, आणि जिभेने ऐन वेळी भलतंच काही बोलायचं हे एकदा होऊन गेलं होतं.

"एक दिवसाआड," तो म्हणाला. "दोन्ही दिवसांचे पेपर एकदम वाचीन. बातमी काय, एक दिवसाने नासत नाही."

मास्तरांनी मान पुढे करून त्याचा चेहरा न्याहाळला. डोळ्यांनी त्यांना किती दिसत होतं कोण जाणे.

"आज आणलायस पेपर?"

बटणरावाने खिसे चाचपले. वजन कमी करायच्या नादात पेपर खालीच राहिला होता. बरं, असता तरी काय, चष्माही खालीच होता. सात मजले चढून माणूस आला होता, नुसत्या छातीसकट.

मास्तर हसायला लागले. त्या दिवशीसारखं सगळा जिना दणाणून सोडणारं नाही. तोंडावर हात धरून, खांदे हलवत. हसता हसता त्यांनी खुर्चीशेजारचा फोन चाचपून उचलला आणि मुलीचा नंबर लावला.

"हां, बेटा. उद्या गाडी नको आणू. अगं बरा आहे मी. नाही, कुणी काही बोललं नाही. तू ये ना, भेटायला ये. ही बॅग तू सांगितलंस म्हणून भरली, आता उघडून लावायला कुणीतरी हवंच. काय? नवी लिफ्ट? असेल अजून दोन महिन्यांनी... काय म्हणतेस? वाचायला? आहे ना एक माणूस. चढतो. म्हणजे, चढतो असं म्हणायचं आपण. थांब, त्याच्याशी बोल."

त्यांनी फोन पुढे केला. बटणरावाने दोन्ही हात हलवून नको नको केलं. बोलायची हवा आता कुठे परत आली होती, आणि ती त्याला जपून वापरायची होती.

"लवकर आटपा मास्तर," तो हळूच म्हणाला. "मला अजून सात मजले उतरायचेत, आणि मांड्यांना अजून ते सांगितलेलं नाही."